नोकरी सांभाळून करिअर मार्गदर्शनात पदव्युत्तर शिक्षण: आधी तास मोजा, मग अर्ज भरा

शाळेत शिकवणारे, एचआरमध्ये काम करणारे, प्रशिक्षण संस्थेत प्रवेशाचं टेबल सांभाळणारे, सामाजिक संस्थेत तरुणांबरोबर वावरणारे. करिअर मार्गदर्शनाच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळणारी माणसं बहुतेक यांतलीच असतात. लोकांना वाट दाखवायचं काम ती आधीपासून करतच असतात. आता त्या कामाला शास्त्राचा पाया आणि हातात मान्यताप्राप्त कागद हवा असतो. पण घर, हप्ते, ऑफिस यांतलं काहीच सोडता येत नाही.

अशा माणसाला अभ्यास झेपतो का? वाचन झेपतं, असाइनमेंटही रेटून नेता येतात. गाडी अडते ती लोकांच्या प्रत्यक्ष मार्गदर्शन मुलाखती घेण्याच्या तासांपाशी, कारण ते तास रात्री जेवणं उरकल्यावर भरून काढता येत नाहीत. त्यासाठी समोर दुसरं माणूस लागतं आणि ते बहुधा तुमच्या ऑफिसच्याच वेळात मोकळं असतं. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम नेहमीच्या सल्ल्यापेक्षा थोडा उलटा आहे. कॉलेज निवडण्याआधी प्रात्यक्षिकाची सोय बघायची.

पहिली पायरी: कागद नेमका कशासाठी हवा ते ठरवा

या क्षेत्राचे नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे ‘सगळ्यात चांगला कोर्स कोणता’ या प्रश्नाला उत्तर नाही. अमेरिकेत करिअर समुपदेशन ही समुपदेशनाचीच एक शाखा मानली जाते. तिथे समुपदेशक म्हणून परवाना हवा असेल तर मास्टर्स लागतं आणि परवाना प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देतं. ब्रिटनमध्ये दोन वाटा आहेत. एक नोकरीतच पूर्ण करायची सहाव्या पातळीची, म्हणजे पदवीच्या तोडीची, पदविका, दुसरी विद्यापीठातली सातव्या पातळीची, म्हणजे मास्टर्सच्या तोडीची, पदव्युत्तर पात्रता. तिथल्या करिअर डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटच्या व्यावसायिक नोंदवहीत नाव घालायला सहावी पातळीही चालते. ऑस्ट्रेलियात व्यावसायिक दर्जासाठी ग्रॅज्युएट सर्टिफिकेटच्या पातळीचं आणि तिथल्या करिअर उद्योग परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण धरलं जातं. भारतात एनसीईआरटीची मार्गदर्शन आणि समुपदेशनाची पदविका आहे. तिची रचना वर्षभराची असून त्यात दूरशिक्षण, समोरासमोरचे वर्ग आणि इंटर्नशिप असे तीन टप्पे येतात.

तेव्हा पुढे ज्या ठिकाणी काम करायचं आहे तिथल्या चार-पाच जागांच्या जाहिराती काढा आणि ‘पात्रता’ या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. कित्येकदा असं निघतं की तुम्हाला हवं असलेलं पद मास्टर्सशिवायही मिळतं, किंवा उलट, मास्टर्स असूनही नोंदणीशिवाय मिळत नाही. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ‘सर्टिफाइड करिअर कोच’ करून देणारे वर्गही पुष्कळ आहेत. तिथून चार युक्त्या मिळतील, पण पदव्युत्तर पात्रतेच्या जागी ते प्रमाणपत्र कुणी धरणार नाही.

दुसरी पायरी: श्रेयांकांचे तास करा

माहितीपत्रकात ‘लवचिक’ आणि ‘नोकरदारांसाठी खास’ असं छापलेलं असतं. त्याकडे दुर्लक्ष करून श्रेयांक (क्रेडिट) शोधा. ब्रिटिश पद्धतीत १ श्रेयांक म्हणजे साधारण १० तासांचं काम. पदव्युत्तर पदविका १२० श्रेयांकांची, म्हणजे १२०० तास. दोन वर्षांत अर्धवेळ करायची आणि वर्षाचे ४० आठवडे हाताशी आहेत असं धरलं, तर आठवड्याला १५ तास होतात. मास्टर्स १८० श्रेयांकांचं, म्हणजे आणखी ६०० तास. युरोपीय पद्धतीत १ श्रेयांक २५ ते ३० तासांचा असतो, त्यामुळे दोन देशांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. आधी तास काढा.

आता गेल्या महिन्याचं कॅलेंडर उघडा. पुढच्या महिन्याचं नको, ते नेहमीच रिकामं आणि आशादायक दिसतं. झालेल्या महिन्यात १५ तास कुठून निघाले असते, ते आठवड्याआठवड्याने लिहून काढा. निघत नसतील तर दोनाऐवजी तीन वर्षांचा पर्याय घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

तिसरी पायरी: प्रात्यक्षिकाची जागा अर्जाआधी पक्की करा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग तरी वाचा.

प्रत्येक गंभीर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष मार्गदर्शनाचे ठरावीक तास असतात. काही ठिकाणी ते थोडे असतात, काही ठिकाणी अंगावर येतील इतके. अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या केकरेप या संस्थेच्या निकषांप्रमाणे आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सराव, असतो, त्यातले किमान ४० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे. त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले किमान २४० प्रत्यक्ष. मिळून ७०० तास. आठवड्यातला एक पूर्ण दिवस, म्हणजे ८ तास दिले, तरी ८८ आठवडे लागतात. तुमच्या अभ्यासक्रमाचा आकडा याहून बराच लहान असू शकतो, पण तो किती आहे हे फी भरण्याआधी माहीत हवं.

‘मी हेच काम करतो, माझ्याच ऑफिसात तास भरीन’ हा पहिला विचार येतो आणि तो कधी कधी जमतोही. पण भूमिकांची गल्लत होते का, ते तपासा. तुम्ही एचआरमध्ये असाल आणि तुमच्याच कंपनीतल्या माणसाची मार्गदर्शन मुलाखत घेतलीत, तर ‘मला इथून बाहेर पडायचंय’ हे वाक्य तो तुमच्यासमोर बोलेल का? शिक्षक असाल, तर ज्या मुलांचे पेपर तुम्ही तपासता ती मुलं ‘मला तुमचा विषय नकोय’ असं मोकळेपणाने सांगतील का? तास कागदावर भरतील, पण त्या मुलाखतींतून शिकायला फारसं मिळणार नाही आणि अभ्यासक्रमातला तुमचा सुपरव्हायझरही हीच शंका काढेल. शाळेतल्या माणसाने दुसऱ्या शाळेची किंवा कॉलेजची जागा बघावी. एचआरमधल्याने प्रौढांसाठीचं रोजगार केंद्र, माजी विद्यार्थी संघ किंवा सामाजिक संस्था गाठावी.

जागा मिळाली की तोंडी ‘हो, या की कधीही’ यावर थांबू नका. एका पानावर लेखी घ्या. आठवड्यातला कोणता वार आणि किती वेळ, दार बंद होणारी खोली मिळेल का, मुलाखती रेकॉर्ड करायला परवानगी आहे का, संमतीपत्र कोण ठेवणार, अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांची संमती कोण आणणार, आणि तिथला कोणता अनुभवी माणूस तुमच्यावर देखरेख ठेवणार. रेकॉर्डिंगचा मुद्दा सगळ्यात जास्त अडतो. मूल्यमापनासाठी ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण लागतं आणि बऱ्याच संस्थांना ते गोपनीयतेच्या नियमांत बसवता येत नाही. हे सत्राच्या मध्यात कळलं तर पुढचे दोन महिने जागा शोधण्यात जातात.

विद्यापीठाला ईमेल करून दोनच प्रश्न विचारा: माझ्या सध्याच्या कामातले तास धरले जातील का, आणि प्लेसमेंट, म्हणजे प्रात्यक्षिकाची जागा, तुम्ही शोधून देता की मी शोधायची? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर ती तुमचीच जबाबदारी आहे असं समजून चाला.

चौथी पायरी: साहेबांशी बोला, पण मागणी घेऊन

‘मी शिकतोय, जरा सांभाळून घ्या’ असं म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि पहिल्याच घाईच्या आठवड्यात विसरतात. त्यापेक्षा नेमकं मागा. दर बुधवारी दुपारनंतर मी नसेन, तो वेळ अमुक दिवशी भरून देईन, परीक्षेच्या आठवड्याची रजा आत्ताच नोंदवतो. फीचा काही भाग ऑफिस देणार असेल तर करारातली बाँडची अट नीट वाचा. करिअर बदलण्यासाठीच शिकत असाल, तर त्या पैशांपायी तीन वर्षं त्याच खुर्चीत अडकणं महागात पडतं.

पाचवी पायरी: अर्ज

यावर फार रेंगाळायची गरज नाही. उद्देशपत्रात ‘मला लोकांना मदत करायला आवडतं’ हे वाक्य टाळा, ते प्रत्येकाच्या पत्रात असतं. एखाद्या माणसाशी तुमचं झालेलं बोलणं, नाव-गाव लपवून, आणि त्यात तुमचं ज्ञान कुठे अपुरं पडलं, हे दहा ओळींत लिहा. पूर्वानुभवाला श्रेयांक देण्याची सोय आहे का तेही विचारा. असली तर पुरावे गोळा करायला वेळ लागतो, म्हणून लवकर विचारा.

सहावी पायरी: सिद्धान्त पाठ करू नका, एकाच माणसावर लावून बघा

अभ्यासक्रमाची सुरुवात बहुधा फ्रँक पार्सन्सपासून होते. त्याने १९०८ मध्ये बोस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं. स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या, आणि दोन्हींचा मेळ विचारपूर्वक घाला, ही त्याची त्रिसूत्री. मग हॉलंड, डोनाल्ड सुपर, गॉटफ्रेडसन, क्रमबोल्ट्झ, सॅव्हिकस अशी करिअरचे सिद्धान्त मांडणाऱ्यांच्या नावांची रांग लागते. दिवसभर काम करून आलेल्या डोक्यात ती रांग टिकत नाही. उपाय एकच. तुमच्या ओळखीची, नाव बदललेली एक केस घ्या आणि प्रत्येक सिद्धान्त तिच्यावरच घासून बघा.

समजा, नऊ वर्षं अकाउंट्समध्ये काढलेल्या एक बाई डेटा अ‍ॅनालिटिक्सकडे जायचं म्हणतात. हॉलंडने माणसं आणि कामं सहा प्रकारांत वाटून ते एका षट्कोनाच्या कोनांवर मांडले. त्यांत हिशेबाचं काम पद्धतशीर प्रकारात येतं. डेटाच्या कामाला संशोधक प्रकाराची जोड लागते. त्या षट्कोनात हे दोन कोन एकमेकांचे शेजारी नाहीत, म्हणजे उडी दिसते तितकी छोटी नाही. सुपर विचारेल, या वयात त्यांच्या आयुष्यात आणखी कोणत्या भूमिका आहेत? आई, मुलगी, कर्जदार? गॉटफ्रेडसनने १९८१ मध्ये मांडलं की मुलं लहानपणीच, आधी ‘हे मुलींचं काम, हे मुलांचं’ आणि मग ‘हे आपल्यासारख्यांचं काम नाही’ असं म्हणत कितीतरी पर्याय बाद करून टाकतात. मग या बाईंच्या यादीतून काय काय लहानपणीच गळालं असेल? क्रमबोल्ट्झ योगायोगांकडे बघायला सांगेल, सॅव्हिकस त्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायला. एक केस, पाच चष्मे. निबंधाचा अर्धा कच्चा मसुदा तिथेच तयार होतो.

सातवी पायरी: स्वतः घेतलेली मुलाखत शब्दशः उतरवून काढा

नोकरीत मुरलेल्या माणसाची सगळ्यात चिवट सवय म्हणजे पटकन उत्तर देणं. ऑफिसात त्याचंच कौतुक होतं. इथे त्याचेच गुण कापले जातात. नमुना बघा:

‘अकाउंट्समध्ये नऊ वर्षं झाली. आता कंटाळा आलाय. डेटा अ‍ॅनालिटिक्स करावं म्हणते.’

‘छान विचार आहे. सहा महिन्यांचे ऑनलाइन कोर्स असतात, आणि तुमचं गणित पक्कं असणारच, त्यामुळे...’

दुसऱ्याच वाक्याला मार्गदर्शक सल्ल्यावर उतरला. कंटाळा कशाचा, ते कुणी विचारलंच नाही. आता हेच पुन्हा:

‘कंटाळा आलाय म्हणालात. गेल्या महिन्यात तो सगळ्यात जास्त कधी जाणवला?’

‘तसं... नवीन मॅनेजर आल्यापासून. दर महिनाअखेरीला रात्री नऊ वाजतात.’

आता प्रश्न डेटाचा उरलेलाच नाही. निदान आज तरी नाही.

रेकॉर्डिंगची पहिली दहा मिनिटं शब्दशः टाइप करा आणि समासात प्रत्येक बोलण्याला नाव द्या: प्रश्न, सल्ला, सारांश, गप्प बसणं. सल्ला हा शब्द किती लवकर येतो ते बघा. कंटाळवाणं काम आहे, तासभर सहज जातो, पण दुसऱ्या कशानेही इतकी सुधारणा होत नाही. मुलाखतीवरच्या चिंतनाची रोजनिशीही त्याच बैठकीत लिहून टाका. चार दिवसांनी लिहिलेली चिंतनाची नोंद गुळगुळीत होते आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

आठवी पायरी: आठवड्याची घडी

वाचनाला रोजचा अर्धा-पाऊण तास पुरतो, लेखनाला पुरत नाही. लिहायला आठवड्यात एकदा तरी सलग तीन तास लागतात. म्हणून वाचन कामाच्या दिवसांत आणि लेखन सुट्टीच्या सकाळी, अशी विभागणी बऱ्याच जणांना मानवते. मुलाखतींच्या दिवशी रात्री वाचायला बसू नका. दिवसभर दुसऱ्याचं ऐकल्यावर डोळे ओळींवरून नुसते फिरतात.

नववी पायरी: प्रबंधिका कामातूनच काढा

मास्टर्सपर्यंत जाणार असाल तर प्रबंधिकेचा, म्हणजे छोट्या प्रबंधाचा, विषय रोजच्या कामाजवळचा निवडा, म्हणजे माहिती गोळा करायला वेगळं भटकावं लागत नाही. मात्र संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या नीतिसमितीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकही प्रश्नावली वाटता येत नाही, आणि समिती प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत पाठवते तेव्हा आठवडे जातात. सत्र सुरू होण्याआधीच मसुदा मार्गदर्शकांना दाखवा. तुमच्या हाताखालची माणसं किंवा तुमचे विद्यार्थी नमुन्यात असतील तर ‘नाही म्हणायला ते खरंच मोकळे आहेत का’ हा प्रश्न समिती विचारणारच. उत्तर आधीच लिहून ठेवा.

आणि मध्येच थांबावं लागलं तर

आजारपण, बदली, घरातलं काही. दोन-तीन वर्षांत यांतलं एखादं येतंच. बऱ्याच विद्यापीठांत टप्प्याटप्प्याने बाहेर पडायची सोय असते. ब्रिटिश पद्धतीत ६० श्रेयांकांवर पदव्युत्तर प्रमाणपत्र, १२० वर पदविका, १८० वर मास्टर्स. पण नुसतं प्रमाणपत्र व्यावसायिक नोंदणीला पुरेलच असं नाही. प्रात्यक्षिकाचे तास नेमके कोणत्या टप्प्यात बसवलेत, त्यावर ते ठरतं. प्रवेश घेतानाच तीन गोष्टी विचारून घ्या: खंड किती काळ घेता येतो, मिळवलेले श्रेयांक किती वर्षं ग्राह्य धरले जातात, आणि परत आल्यावर प्लेसमेंटचे जुने तास मोजतात की पुन्हा शून्यापासून सुरू करायला लावतात. उत्तर फोनवर मिळालं तर त्याच दिवशी ईमेल टाकून ते लेखी करून घ्या.