झडपेची पहिली हालचाल कोलॅजन जेलवर कशी पाहावी

गर्भात हृदयाच्या झडपेचा पहिला हुकूम स्नायूकडून सुटतो. अलिंद आणि निलय यांच्यामधल्या चिंचोळ्या भागातला स्नायू बीएमपी-२ हे संकेत देणारं प्रथिन सोडतो. टीजीएफ-बीटा आणि नॉच या आणखी दोन पेशी-संकेतांची साथ मिळाली की आतल्या अस्तराच्या, म्हणजे एंडोकार्डियमच्या, पेशी एकमेकींपासून सुटून अस्तर आणि स्नायू यांच्यामधल्या जेलीसारख्या थरात शिरतात. रन्यन आणि मार्कवाल्ड या संशोधकांनी १९८३ मध्ये वापरलेल्या कोलॅजन (तंतुमय प्रथिन) जेलवर हे डोळ्यांनी पाहता येतं.

जेल बर्फावरच बनवा. १ मिलिलिटरसाठी ३ मिग्रॅ/मिली कोलॅजन ५०० मायक्रोलिटर, दहापट तीव्र एम-१९९ हे पेशी वाढवण्याचं माध्यम १०० मायक्रोलिटर, १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सुमारे १२ मायक्रोलिटर, बाकी निर्जंतुक पाणी. सामू ७.२ ते ७.४ हवा, आम्लता राहिली तर जेल नीट धरत नाही. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा, मग एम-१९९ ने धुवा.

कोंबडीची फलित अंडी ३८ अंशांवर साधारण ५० ते ५३ तास उबवा. पण घड्याळावर विसंबू नका, सोमाइट, म्हणजे गर्भाच्या पाठीतल्या ऊतींचे जोडीजोडीने असलेले ठोकळे, मोजा. सुमारे २२ सोमाइट म्हणजे कोंबडीच्या गर्भवाढीच्या हॅम्बर्गर-हॅमिल्टन क्रमातला १४ वा टप्पा. आपल्याला हाच हवा. १७ व्या टप्प्यापर्यंत पेशी आधीच निघालेल्या असतात, मग जेलमध्ये दिसलेलं तिथे घडलं की गर्भात, हे सांगता येत नाही.

गर्भाच्या हृदयातला अलिंद-निलय यांच्यामधला चिंचोळा भाग कापा, त्याची नळी उभी उघडा आणि अस्तराची बाजू खाली ठेवून जेलवर टेका. वरचा द्रव काढून टाका. नवशिक्यांचे बहुतेक तुकडे इथेच वाया जातात: द्रव उरला की तुकडा तरंगतो, चिकटत नाही. रात्रभराने १ टक्का सीरम घातलेलं माध्यम द्या. सीरम वाढवू नका. त्यातल्या वाढ-घटकांमुळे निकाल गढूळ होतो.

४८ तासांनी सूक्ष्मदर्शकाचा फोकस जेलमध्ये खोल नेत पेशी मोजा. पृष्ठभागावर पसरलेल्या पेशी यात धरायच्या नाहीत.

तुलनेसाठी निलयाचा तुकडा शेजारी ठेवाच; त्यातून पेशी आत शिरू नयेत. शिरल्या तर कापताना सीमा चुकली. अलिंद-निलय तुकड्यातही काहीच शिरलं नाही, तर स्नायू सुरुवातीलाच निघून गेला का ते बघा. त्याच्याशिवाय अस्तर नुसतं चादरीसारखं पसरतं. पुढची पायरी रोधकांची: नॉगिन या प्रथिनाने बीएमपी अडवा. टीजीएफ-बीटा-२ विरुद्धच्या प्रतिपिंडाने पेशी सुट्या होत नाहीत. बीटा-३ अडवलं तर सुट्या होतात, पण आत उतरत नाहीत.