गुडघे छातीला, वही हाताशी

आमची लेक जन्मली तेव्हा द्राक्षबागेत खरड छाटणी चालली होती. दीड महिन्याच्या डोसाला नेली, तर डॉक्टर छातीला लावलेली नळी काढेचनात. दोन दिवसांनी सांगलीत टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली आणि कागदावर तीन अक्षरं आली, टीओएफ. टेट्रालॉजी ऑफ फॅलो, हृदयाचा जन्मजात दोष. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. ठिबकची नळी चोंदली की पाणी वाट मिळेल तिथून फुटतं, तसं अशुद्ध रक्त भोकातून परस्पर अंगात जातं. म्हणून ओठ आणि नखं निळी.

आज ती दुसरीत आहे. आम्ही धडपडत शिकलो ते इथं लिहितोय, पण हे सगळं टीओएफच्या निळ्या पोरांपुरतं. नुसतं मोठं भोक असून धापा टाकणाऱ्या पोरांना बहुतेक वेळा लघवीची औषधं चालू असतात, त्यांच्या पाण्याचा हिशेब निराळा. त्यांनी माझ्यावर जाऊ नये.

आधी घरातली कुजबूज बंद करा. आमच्याकडं "ग्रहणात विळी धरली असेल" इथपासून सुरुवात झाली. बायको आठ दिवस धड जेवली नाही. डॉक्टरांनी तिला सांगितलं, बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडतं, बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. हे वाक्य मी आत्यासमोर मुद्दाम मोठ्यानं दोनदा म्हटलं. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी पण त्याच दिवशी बंद केली.

आता मुख्य गोष्ट, निळा झटका. साडेचार महिन्यांची असताना पहाटे रडत उठली आणि रडता रडता ओठ शरद द्राक्षासारखे काळे पडले. श्वास जोरजोरात, नजर हरवलेली. आईनं तोंडावर पाणी मारलं, मी उभी धरून अंगणात पळालो. दोन्ही चूक. दवाखान्यात सिस्टरनं तिला माझ्या हातातून घेतलं, पाठ आपल्या पोटाला टेकवली, दोन्ही गुडघे दुमडून छातीला लावले आणि तशीच घट्ट धरून हळू आवाजात बोलत राहिली. ऑक्सिजन लावला तोवर निळेपणा उतरायला लागला होता. गुडघे दुमडले की पायाकडच्या रक्तवाहिन्या दबतात, रक्ताला तिकडं जायला जड जातं आणि जास्त रक्त फुप्फुसाकडं वळतं. शस्त्रक्रिया न झालेली मोठी पोरं खेळता खेळता आपोआप उकिडवी बसतात, ते याचसाठी.

हे उशीवर नाहीतर बाहुलीवर घरातल्या प्रत्येकाकडून करून घ्या. आजोबा, शेजारीण, सगळे. झटका बहुधा सकाळी उठल्यावर, रडल्यावर, दूध पिताना किंवा शी करताना येतो. गुडघे छातीला लावून काही मिनिटांत रंग परतला नाही, पोर मलूल पडलं किंवा शुद्ध गेली, तर १०८ ला फोन. परतला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, झटके वाढले की शस्त्रक्रिया लवकर करतात.

त्या दिवसापासून फवारणीच्या डायरीत मागच्या बाजूनं मी दुसरी वही सुरू केली. तारीख, वजन, किती दूध गेलं, ऑक्सिजन, झटका आला का, किती वाजता, आधी काय चाललं होतं. वजन दर रविवारी, आंघोळीआधी, लंगोट काढून, बेदाण्याच्या काट्यावर. खाली गोधडी घालून काटा शून्यावर आणायचा. लोक हसले, हसू देत. काटा मात्र एकच ठेवा, तीन ठिकाणचे तीन आकडे काही कामाचे नाहीत. डॉक्टरांपुढं "तशी बरी आहे" म्हणण्यापेक्षा वही पुढं करा.

ऑक्सिजन मोजायचा चिमटा मोठ्यांचा घेऊ नका, बाळाच्या बोटाला तो बसत नाही आणि खोटे आकडे दाखवतो. पायाच्या अंगठ्याला गुंडाळायची पट्टी मिळते. पाय कोमट हवा, पोर शांत हवं. आम्हाला डॉक्टरांनी ७५ ते ८५ चालेल असं सांगितलं होतं, तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. नेलपॉलिश लावू नका, नखांचा रंग झाकतो.

रक्ताच्या रिपोर्टनं आम्हाला फसवलं. हिमोग्लोबिन ११.५ आलं, लॅबवाला म्हणाला छान आहे. निळ्या पोराला ते कमीच. ऑक्सिजन कमी म्हणून शरीर जास्त रक्त बनवतं आणि त्याला लोह लागतं. लोह कमी पडलं की झटके वाढतात. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिल्यावर दात काळे झाले, ते पुसलं की जातं, घाबरू नका.

जुलाब, उलट्या, ताप यांना साधं समजू नका. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं आणि धोका वाढतो. ओआरएस सुरू करून त्याच दिवशी दवाखाना. झटक्यासाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर डोस चुकवायचा नाही, पण पोर काही खात-पीत नसेल तर देण्याआधी फोन करा, साखर उतरते. लसी सगळ्या वेळेवर. दूध थोडं थोडं, पण वारंवार. ओढून दमली की आम्ही काढलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजायचो.

पैशाचं म्हणाल तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना गाठा. महात्मा फुले योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याच्याकडं. रेशनकार्डावर लेकीचं नाव चढवायला आम्ही आळस केला आणि त्यापायी तीन आठवडे गेले. जन्मदाखला हातात पडला की दुसऱ्याच दिवशी ते काम करा.

शस्त्रक्रिया पुण्यात झाली, अकराव्या महिन्यात. पेठ नाक्याला हायवेला लागलो की कराडला एकदा थांबून दूध पाजायचं, मग साताऱ्याच्या पुढं खंबाटकीपर्यंत झोपायची. घरी आणल्यावर दोन महिने काखेत हात घालून उचलायचं नाही, छातीचं हाड जुळत असतं. एक हात मानेखाली, दुसरा कुल्ल्याखाली. पाहुणे दारातच काखेला हात घालतात, म्हणून मी उंबऱ्यावर बसायचो.

दात घासण्याला आमच्या घरात औषधाचा मान आहे. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयाच्या पडद्याला जाऊन बसू शकतात. दाताच्या डॉक्टरांना खुर्चीत बसायच्या आधीच शस्त्रक्रियेचं सांगायचं, काही पोरांना अँटिबायोटिक लागतं.

दरवर्षी इको असतो, कारण फुप्फुसाकडची झडप पुढं गळू शकते. शाळेत बाई तिला कवायतीला बसवूनच ठेवायच्या, म्हणून काय चालेल ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून आणलं. त्यात खो-खो चालेल असं आहे, स्पर्धा सध्या नको. त्या शेवटच्या तीन शब्दांवरून ती रोज माझ्याशी भांडते.