पिक्चर संपला की वहीत काय लिहायचं, कसं लिहायचं

मी पाहिलेल्या प्रत्येक पिक्चरवर वहीत लिहून ठेवते, साधी दोनशे पानी वही, आता तिसरी सुरू आहे. गाव ब्रह्मपुरीकडचं, टॉकीज नाही, जे काय पाहणं आहे ते मोबाइलवर, दिवसाचा डाटा पुरवून पुरवून. मैत्रिणी म्हणतात आम्ही पण खूप पिक्चर पाहतो नं, पण कोणी विचारलं कसा होता तर "मस्त" नाहीतर "बोर" याच्यापुढं सुचतच नाही. सुचते, फक्त सवय लावावी लागते.

पहिलं म्हणजे पिक्चर संपल्या संपल्या लिहायचं. त्याच्याआधी रिव्ह्यू पाहायचा नाही, रेटिंग पाहायचं नाही, कोणाला विचारायचं नाही, कारण एकदा दुसऱ्याचं वाक्य डोक्यात बसलं की आपलं जे होतं ते निघून जाते आणि मग परत सापडत नाही. तारीख, कुठं पाहिला, सोबत कोण होतं, आणि मग चांगला-वाईट बाजूला ठेवून आपल्याला काय झालं ते. कुठं जीव धस्स झाला, कुठं कंटाळून मोबाइलची बॅटरी पाहिली, कुठं घरचं कोणी आठवलं. आणि बाजूला बसलेला माणूस काय बोलला ते तर नक्की लिहा.

1948 चा इटालियन 'बायसिकल थीव्ज' मी बाबांसोबत पाहिला. माणसाला पोस्टर चिकटवायचं काम मिळते, कामाला सायकल पाहिजे, ती गहाण पडलेली, म्हणून बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवते आणि पहिल्याच दिवशी ती चोरी जाते. बाबांना ना ती भाषा कळत ना खाली येणारं इंग्रजी, मी मधून मधून सांगत होते. पण चादरी गहाण टाकायच्या सीनला सांगावं लागलंच नाही. गहाणाच्या दुकानातला माणूस चादरींचं गाठोडं घेऊन फळ्यांवर चढत जाते, चढतच जाते, वरपर्यंत नुसती गाठोडीच गाठोडी. बाबा म्हणाले, "अख्ख्या गावानं गहाण टाकलं वाटते." त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे आणि मला अख्खा पिक्चर आठवायला ते पुरते. त्यातला सायकलवाला झालेला माणूस नट नव्हता, खरा कारखान्यातला कामगार होता, हे मागून कळलं, ते मी बाजूच्या समासात लिहिलं. मागून कळलेलं नेहमी समासात, मधात नाही, नाहीतर आपलं कोणतं आणि वाचलेलं कोणतं हे सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही.

आता जुने मुके पिक्चर. इथं बहुतेक लोक पाच मिनिटांत बंद करतात. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, त्याचा आज थोडाच भाग शिल्लक आहे, तेवढा तरी पाहा. तारामती झालेले साळुंके हे पुरुष, कारण तेव्हा कोणी बाई पडद्यावर यायला तयार नव्हती. आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या माणसाला यात नवल वाटू नये, इथल्या दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, पुरुषच बाई व्हायचे. आणि ते मोठे मोठे हातवारे पाहून आधी मला पण खोटं वाटायचं. मग दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रेच्या दिवसांत रात्रभराचं नाटक पाहायला गेले, एकदम मागं बांबूच्या तट्ट्याजवळ जागा मिळाली, तिथून नटाचा चेहरा दिसतच नाही, हात तेवढे दिसतात. त्या रात्री मला मुका पिक्चर कळला. माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर स्पीड थोडा कमी करून पाहा, तेव्हा कॅमेरा हातानं फिरवत, आणि आता तेच जास्त वेगानं चालवलं की सगळे धावत सुटतात.

भुताखेताचे, खुनाचे पिक्चर असले की एक काम करा, जो सीन अंगावर आला तो आवाज बंद करून परत पाहा. 'सायको' 1960 चा, त्यातला बाथरूमचा सीन मी रात्री हेडफोन लावून पाहिला तर मोटर चालू करायला वावरात जायची हिंमत झाली नाही, भावाला उठवलं. दुसऱ्या दिवशी उजेडात आवाज बंद करून पाहिला तर भीती अर्ध्यावर आली. दिग्दर्शक हिचकॉकला तिथं संगीतच नको होतं, संगीतकार बर्नार्ड हर्मननं नुसत्या तारवाद्यांवर करून ऐकवलं तेव्हा तो मानला. आपली भीती डोळ्यातून आली की कानातून, हे वहीत लिहायला लागलं की पुढचे सगळेच पिक्चर वेगळे दिसतात.

कॉमेडी एकट्यानं पाहून लिहू नका, चारजणांत पाहा.

पिक्चर असा का संपला म्हणून राग आला तर तो कोणत्या साली आला ते पाहा. 'शोले' 15 ऑगस्ट 1975 चा, म्हणजे आणीबाणीतला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, सेन्सॉरनं तो बदलायला लावला म्हणून ऐन वेळी पोलीस येतात. मी लहानपणी त्या पोलिसांवर चिडले होते, ते चिडणं बरोबर होतं असं आता वाटते.

संपल्या संपल्या लिहा म्हणते, पण एका पिक्चरला मला ते जमलं नाही. 'गाभ्रीचा पाऊस', 2009 चा, विदर्भातल्या शेतकऱ्याचा. नवरा जिवाचं काही करून घेईल या भीतीनं बायको त्याच्या मागं मागं घरचं कोणी ना कोणी ठेवते, तो कुठं गेला, कधी येते. आमच्या घरी एका वर्षी धान पावसात गेले तेव्हा आई असंच करायची, बाबा बांधीकडं निघाले की मला म्हणायची, "जा वं, पाणी घेऊन जा त्यायले." पाण्याचा लोटा घेऊन मी किती वेळा गेले आणि मला तेव्हा कळलंच नाही की मला कायले पाठवते. त्या रात्री वही उघडली आणि तशीच ठेवली. असा पिक्चर आला तर जबरदस्ती करू नका, तारीख टाका, पान कोरं सोडा. माझं पान बारा दिवसांनी भरलं, आईला विचारून.