वादळात घर पडलं तर सरकारी पैसे कसे मिळवायचे आणि नवीन बांधताना ते कुठे घालायचे

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या श्रीवर्धन तालुक्यात दुपारी वारा ताशी 110-120 किलोमीटरवर गेला. आमच्या पडवीचा एक पत्रा आधी थडथडायला लागला, मग सुटला, आणि एकदा वारा आत शिरल्यावर बाकीचे सगळे पाठोपाठ गेले. नंतर वाडीतनं पत्रे गोळा केले तर फाटलेला असा एकच, बाकी धड होते, फक्त खिळे उपटून आले होते. शेजारच्या घराला खिळ्यांऐवजी हुक बोल्ट, म्हणजे पत्रा खालून आवळून धरणारे वाकडे बोल्ट होते, त्यांचं छप्पर जागेवर. तेव्हापासून गावात कुणाचा पंचनामा असो की घरकुल, मी कागदांना मदत करतो, त्यातनं जे कळलं ते लिहितोय.

आधी हे समजून घ्या की पैशाचे दोन वेगळे रस्ते आहेत. एक नुकसानभरपाई, ती तहसीलमधनं येते. दुसरं घरकुल, ते ग्रामपंचायत आणि पंचायत समितीतनं. लोक दोन्ही एकच समजतात आणि चुकीच्या दारात चकरा मारत बसतात.

नुकसानभरपाईचं सगळं पंचनाम्यावर ठरतं. 2022 ते 2026 साठीच्या आपत्ती निधीच्या निकषात पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार आहेत. अंशतः पडलेलं असेल, म्हणजे निदान 15 टक्के नुकसान, तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4,000, बस. झोपडीला 8,000, घराला लागून गोठा असेल तर त्याचे 3,000 वेगळे. कधीकधी राज्य सरकार स्वतःची भर घालतं, निसर्गच्या वेळी पूर्ण पडलेल्या घराला तेव्हाच्या 95,100 च्या जागी दीड लाख केले होते, म्हणून आपत्तीनंतर नवीन जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघाला का ते विचारत राहा. पण बघा, 1 लाख 20 हजार आणि 6,500 यातला फरक पंचनाम्यातल्या एका शब्दाचा आहे, "पूर्णतः" की "अंशतः".

म्हणून तलाठी यायच्या आधी आवराआवर करू नका. आमच्या वाडीतल्या एका काकूंनी पाहुणे येणार असल्यासारखं अंगण झाडून काढलं, पडलेल्या भिंतीचा जांभा एका बाजूला रचून ठेवला, आणि पंचनाम्यात आलं अंशतः. काकूंचा काय दोष, घर पसरलेलं बघवत नाही माणसाला. पण आधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा, आतनं काढा, घरातलं एक माणूस फोटोत दिसू द्या, मग खुशाल ताडपत्री टाका. भांडी, कपडे, भिजलेलं धान्य, त्याचेही काढा, कारण घर वाहून गेलं किंवा पूर्ण पडलं तर कपडे आणि भांड्यांचे प्रत्येकी 2,500 मिळतात. पंचनाम्यावर सही करायच्या आधी पूर्ण वाचून घ्या, टक्केवारी काय लिहिलीय ते बघा, भिंत धोकादायक झाली असेल आणि घर राहण्यालायक नसेल तर तसं शब्दात लिहायला सांगा आणि पंचनाम्याचा पण फोटो काढून ठेवा. पटलं नाही तर तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज करा, फेरपाहणी मागा आणि अर्जाची पोच घ्या, पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा. पैसे थेट बँकेत येतात, तेव्हा खातं आधारला लिंक आहे ना ते पावसाळ्याआधीच बघून घ्या.

आता घरकुल. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार, शिवाय रोजगार हमीतनं 90 ते 95 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार वेगळे. मजुरीसाठी जॉबकार्ड लागतं, ते बरेच जण काढतच नाहीत आणि मग ते पैसे सरळ बुडतात. 2024 ला निकष सैल झाले, दुचाकी किंवा फ्रिज आहे म्हणून आता नाव कापलं जात नाही, घरातल्या कुणाची कमाई महिन्याला 15 हजारांच्या वर नको. एससी असाल तर रमाई आवास, एसटी असाल तर शबरी घरकुल, या योजनांचीही चौकशी करा. हप्ते कामाच्या टप्प्याप्रमाणे येतात आणि प्रत्येक टप्प्याला जागेवरचा जिओटॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो लागतो, तो काढायला माणूस आला नाही तर हप्ता अडकतो, मागे लागावंच लागतं.

एवढ्या पैशात घर होत नाही हे मलाही माहितीय, सगळेच पदरचे घालतात. पण घालताना कुठे घालायचे हे महत्त्वाचं. मी बघतो, लोक पुढच्या भिंतीला टाईल लावतात आणि पत्रा मात्र खिळ्यांवर. टाईल दोन वर्षांनी लावा. आधी जोतं उंच घ्या, आजवरचं सगळ्यात मोठं पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्यांना विचारून त्याच्या वर. मग जांभ्याच्या भिंतीत जोत्याला, लिंटेलला म्हणजे दारं-खिडक्यांच्या वर, आणि छपराखाली अशी काँक्रीटची पट्टी चारही बाजूंनी फिरवा, मध्ये तोडू नका, आणि वरच्या पट्टीत लोखंडी पट्ट्या आधीच गाडून त्यांना वासे आवळा. पत्र्याला हुक बोल्ट, रुंद वायसरसकट. कडेला आणि आढ्याजवळ ते जवळजवळ लावा, वारा तिथूनच उचलतो. पत्रा भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नका. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा, गेलं तर तेवढंच जाईल, आमचं एकसलग होतं म्हणून माजघरापर्यंत उघडं पडलं. आणि वाळू खाडीची असेल तर गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय वापरू नका, मिठाने आतली सळई गंजते आणि पाच-सात वर्षांत काँक्रीट फुटून बाहेर येतं.

राहिली जागा, आणि कोकणात खरी अडचण हीच. घरपट्टी अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर, सातबारा सामाईक, हिस्सेदार मुंबईत, सुरतेत. भरपाई असो की घरकुल, गाडी इथेच अडते, आणि वादळानंतर सह्या गोळा करणं फार जड जातं. तेव्हा वारस नोंदीचा अर्ज आताच करा आणि सगळ्यांच्या संमतीपत्राचा मजकूर स्टॅम्प पेपरवर टाईप करून तयार ठेवा. गणपतीला सगळे चाकरमानी घरी असतातच. आमच्याकडे गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर माजघरात बसून अकरा सह्या झाल्या, एक चुलतभाऊ आला नव्हता, त्याची सही नंतर विरारला जाऊन आणली.