मान-डोकं दुखतंय: अर्धशिशी की मानेतल्या धमनीला चीर? असं ओळखा

अर्धशिशीचा जुना त्रास असला की एक सवय लागते: डोकं दुखलं की बोट तिच्याकडेच. मानेतल्या धमनीच्या अस्तराला चीर पडते तेव्हाही सुरुवात अशाच दुखण्याने होऊ शकते. चिरेतून रक्त भिंतीत शिरतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी. पन्नाशीच्या आतल्यांना पक्षाघात होण्याचं हे एक महत्त्वाचं कारण आहे.

१. दुखणं ओळखीचं आहे का? अर्धशिशी सहसा ४ ते ७२ तास टिकते. डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड-आवाज नकोसा होतो. तिच्यातही मान आखडते, म्हणून नुसत्या मानदुखीने घाबरू नका. पण एकाच बाजूला मान, जबडा, डोळा किंवा डोक्याचा मागचा भाग दुखतोय आणि असं आधी कधीच दुखलं नव्हतं, तर ते अर्धशिशीच्या खात्यात टाकू नका.

२. गेले काही दिवस आठवा. गाडीत बसलेला हिसका, मान कडकन मोडून घेणं, जड ओझं, खोकल्याची उबळ? काहीच आठवलं नाही तरी निर्धास्त होऊ नका. चीर आपसूकही पडते.

३. मंद उजेडात आरशात पाहा. दुखऱ्या बाजूची पापणी किंचित उतरलीय? त्याच डोळ्याची बाहुली लहान दिसतेय? डोळ्याकडे जाणारे बारीक मज्जातंतू धमनीला बिलगून असतात, त्यांना इजा झाली की असं होतं. नाडीच्या ठोक्यासरशी कानात सूं-सूं होणं हीसुद्धा शंकेची खूण. यातलं काही नव्याने दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

४. घड्याळ पाहा. अर्धशिशीआधीच्या चमचमत्या नागमोडी रेषा किंवा मुंग्या हळूहळू, काही मिनिटांत पसरतात आणि बहुधा तासाभरात ओसरतात. पक्षाघात एकदम येतो: तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, एकाचे दोन दिसणं, तोल जाणं. लगेच रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवू नका. लक्षणं मिनिटांत गेली तरीही.

५. डॉक्टरांना ‘डोकं दुखतंय’ एवढंच सांगू नका. ‘नेहमीसारखं नाही, मानेतून सुरू झालं’ हे आवर्जून सांगा. डोक्याचा साधा सीटी स्कॅन अशा वेळी नॉर्मल येऊ शकतो. चीर दिसते ती मानेच्या सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र घेणाऱ्या तपासणीत. तोवर मानेला मालीश नको, मान मोडणं नको, आणि अर्धशिशीच्या ट्रिप्टान गोळ्याही नकोत. त्या रक्तवाहिन्या आवळतात.