गोल्फ कार्टच्या बॅटरीचा जोड तापतो? दोष कसा शोधावा आणि दुरुस्ती कशी करावी

कार्ट चढ चढून आली की सीटखालून जळका वास येतो. एखाद्या थिंबलजवळ (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली, नटाखाली जाणारी धातूची कडी) केबलचे आवरण मऊ पडलेले किंवा काळवंडलेले दिसते, कधी बॅटरीचा शिशाचा टर्मिनल कडेने वितळल्यासारखा होतो. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात, रिसॉर्टमध्ये, मोठ्या गृहसंकुलात अशा बॅटरीवरच्या गाड्या आता दिवसभर पळतात, आणि त्यांत अनेकदा ज्येष्ठ नागरिक किंवा लहान मुले बसलेली असतात. म्हणून हा वास आला की ‘आजची फेरी होऊ दे, उद्या बघू’ असे करू नका. गाडी तिथेच थांबवा.

आणि पाना घेऊन तो गरम नट लगेच आवळू नका. सर्रास केली जाणारी ही गोष्ट सर्वांत जास्त नुकसान करते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या बरेच आधी ते मऊ पडते. मऊ शिशावर जोर दिला की टर्मिनल दबतो, गार झाल्यावर जोड पुन्हा सैल होतो आणि पुढच्या चढावर आणखी तापतो.

आधी हे समजून घ्या

४८ व्होल्टच्या कार्टमध्ये बऱ्याचदा ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. त्यांच्यामध्ये पाच जोडकेबल आणि दोन टोकांना दोन मुख्य केबल, असे एकूण बारा टर्मिनल. सपाट रस्त्यावर साधारण ५०-६० अँपिअर करंट वाहतो. भरलेली गाडी चढावर उभी राहून सुटताना तो २०० अँपिअरच्याही वर जाऊ शकतो.

जोडात निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या खराब जोडाचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, फक्त २ मिलिओहम (ओहमचा हजारावा भाग हा एक मिलिओहम) आहे असे धरा. ६० अँपिअरला तिथे सुमारे ७ वॅट उष्णता होईल, हाताला कोमट लागेल इतकीच. २०० अँपिअरला मात्र तोच जोड ८० वॅट उष्णता देईल. रेडिओ दुरुस्तीचे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, यावरून अंदाज करा. सपाटीवर ठीक चालणारी गाडी चढावरच का जळते, याचे उत्तर या गणितात आहे.

तपासणीचे सूत्रही इथूनच मिळते. सिरीजमध्ये बाराही टर्मिनलमधून एकच करंट जातो. म्हणजे सगळे जोड निरोगी असतील तर सगळे जवळपास सारखेच कोमट व्हायला हवेत. जो शेजाऱ्यांपेक्षा वेगळा तापतो, तो दोषी.

हात लावण्यापूर्वी

चार्जरचा प्लग काढा. चार्जिंग नुकतेच संपले असेल तर सीट उघडी ठेवून हवा खेळू द्या. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडकतो. किल्ली काढा, ‘रन/टो’ (गाडी चालवणे/ओढून नेणे) स्विच असल्यास तो ‘टो’वर करा. अंगठी, घड्याळ, बांगड्या, गळ्यातली साखळी सगळे उतरवून ठेवा. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे घाला. पान्याच्या दांड्याला टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर तोच लाल होतो.

पायरी १ : नजरेने आणि थर्मामीटरने

तपासणीपुरता स्विच ‘रन’वर करून गाडी एका ठराविक चढावर दोन-तीनदा नेऊन आणा आणि लगेच सीट उचला. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर प्रत्येक टर्मिनलचे तापमान लिहून घ्या. इथे फसगत होते ती अशी: चकचकीत धातूवर हे यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. म्हणून आधीच, गाडी थंड असताना, प्रत्येक थिंबलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. बोटाने चाचपू नका.

पांढरी किंवा हिरवट पावडर, थिंबलजवळ फुगलेली केबल, तिरका बसलेला नट या खुणा टिपा. कोकणात, गोव्यात किनाऱ्याजवळच्या गाड्यांना खारी हवा आणि पावसाळ्याची ओल यांमुळे हे लवकर होते.

पायरी २ : मिलिव्होल्ट मोजा

माझ्या मते ही पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि बहुतेक ठिकाणी हीच गाळली जाते. ओहममीटर इतका सूक्ष्म रोध दाखवत नाही. करंट वाहत असताना जोडावर किती व्होल्टेज पडते ते मात्र साधा मल्टिमीटर दाखवतो.

मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. रबरी टोपणाच्या क्लिप वापरा. एक क्लिप पहिल्या बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर आणि दुसरी त्याच जोडकेबलच्या दुसऱ्या टोकाच्या टर्मिनलवर लावा. क्लिप शिशाला लागली पाहिजे, नटला नव्हे. वायरी चिमटणार नाहीत अशा बाहेर काढा, सीट बंद करा. एकाने त्याच चढावर त्याच वेगाने गाडी चालवायची, शेजारी बसलेल्याने आकडा वाचायचा. पाचही जोडकेबलवर हेच करा.

किती आकडा योग्य? ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरला साधारण अर्धा मिलिओहम असतो. म्हणजे ३० सेंटिमीटरची केबल १०० अँपिअरला सुमारे १५ मिलिव्होल्ट घेईल. दोन्ही टोकांच्या स्वच्छ जोडांचे थोडे त्यात मिळवा. चार केबल ३०-४० मिलिव्होल्ट दाखवत असतील आणि पाचवी २०० दाखवत असेल, तर शोध संपला. केबल लहानमोठ्या असतील तर लांबीचा हिशेब धरा.

आता त्या एका केबलचे तुकडे पाडा: टर्मिनल ते थिंबल, मग थिंबलपासून थिंबलपर्यंत. आकडा पहिल्या मापात मोठा असेल तर दोष नटाखाली आहे, दुसऱ्यात मोठा असेल तर केबलमध्ये किंवा क्रिंपमध्ये, म्हणजे थिंबल केबलवर दाबून बसवलेल्या जागी.

पायरी ३ : उघडा आणि स्वच्छ करा

सगळे पूर्ण गार होऊ द्या. मोबाईलवर जोडणीचा फोटो काढून ठेवा. आधी मुख्य निगेटिव्ह केबल काढा, तिचे टोक कापडात गुंडाळून बाजूला सारा, मगच दोषी जोड उघडा.

खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने लावा, फेस थांबेपर्यंत. बॅटरीची झाकणे घट्ट असू द्या. सोडा आत गेला तर आम्ल निकामी होते. पाण्याने धुऊन कोरडे करा. मग तारेच्या ब्रशने टर्मिनलचा माथा आणि थिंबलची खालची बाजू उजळ होईपर्यंत घासा. टर्मिनल खड्डे पडून वाकडा झाला असेल किंवा हाताने हलत असेल, तर स्वच्छतेने काही साधणार नाही. दोष बॅटरीच्या आतच आहे आणि ती बॅटरी बदलावी लागेल.

पायरी ४ : जोडताना क्रम पाळा

कितीतरी जोड केवळ इथल्या चुकीने तापतात. थिंबल थेट शिशावर बसली पाहिजे. तिच्यावर वॉशर, वॉशरवर नट. वॉशर थिंबलच्या खाली गेला की सगळा करंट त्या वॉशरमधून जातो, आणि स्टेनलेस स्टीलचा रोध तांब्याच्या सुमारे ४० पट असतो. दिसायला जोड घट्ट, चकचकीत, तरी तापतो. मेकॅनिक पुनःपुन्हा नट आवळत राहतो आणि कारण नटाखाली लपलेले असते. एकाच टर्मिनलवर दोन वायरी असतील तर जाड केबलची थिंबल खाली शिशाला लागून, दिवे-हॉर्नची बारीक वायर तिच्यावर.

नट किती आवळावा, हे बॅटरी बनवणाऱ्याच्या पत्रकात दिलेले असते. स्टडच्या (आटे असलेल्या उभ्या खिळीच्या) टर्मिनलला तो आकडा बऱ्याचदा ११-१२ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, वापराच. शिसे दाबाखाली हळूहळू सरकते, त्यामुळे कमी आवळले तर सैल होते आणि जास्त आवळले तर टर्मिनल दबतो. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा टर्मिनल स्प्रे लावा. स्पर्शाच्या पृष्ठभागांमध्ये जेलीचा थर भरू नका.

मुख्य निगेटिव्ह सर्वांत शेवटी जोडा. त्या वेळी कंट्रोलरमधल्या (मोटरचा करंट नियंत्रित करणारा भाग) कपॅसिटरमुळे, म्हणजे वीज साठवणाऱ्या घटकामुळे, छोटी ठिणगी उडू शकते. आधी हायड्रोजन जाऊ देण्याचा आग्रह त्यासाठीच.

केबल दोषी निघाली तर

थिंबलजवळ आवरण थोडे सोलून पाहा. तांबे काळे-हिरवे पडले असेल तर आम्ल तारांमधून आत शिरले आहे. टोक कापून नवी थिंबल लावण्याने ते क्वचितच थांबते, केबलच बदला. पक्कडीने ठोकून दाबलेली किंवा हातोड्याने चेपलेली थिंबल वापरू नका. कलई केलेली तांब्याची थिंबल, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेली आणि वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवलेली, हीच टिकते. जुन्या गाडीत १३ चौरस मिलिमीटरच्या आसपासच्या बारीक केबल असतील आणि मार्ग चढाचा असेल, तर पाचही जोडकेबल एकदम २५ किंवा ३५ च्या करा. एकच जाड करून बाकीच्या तशाच ठेवल्या तर त्याच तापत राहतील.

सगळेच सारखे तापत असतील तर

मग दोष जोडात नाही. गाडीच जास्त करंट ओढते आहे. ब्रेक घासतात का ते जॅक लावून चाक हाताने फिरवून पाहा. टायरची हवा, भरलेली माणसे, बॅटऱ्यांचा एकूण चार्ज तपासा. सहा बॅटऱ्यांचे व्होल्टेज चालत्या गाडीत वेगवेगळे मोजा. एखादी इतरांपेक्षा खूप खाली बसत असेल तर एकूण व्होल्टेज पडते आणि तेवढ्याच कामाला करंट वाढतो. एकटी बॅटरीच तापत असेल तर तिच्यातले पाणी पाहा, कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

बॅटऱ्या निर्दोष असूनही वास येत असेल तर सोलेनॉइडच्या (मुख्य करंट चालू-बंद करणारा विद्युत स्विच) दोन मोठ्या टर्मिनलवर, कंट्रोलरवर आणि मोटरच्या स्टडवर हीच मिलिव्होल्टची तपासणी करा. मोटरचा नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर स्टड फिरून आतली जोडणी तुटते.

दुरुस्तीनंतर त्याच चढावर पुन्हा मोजा आणि आकडे तारीख घालून सीटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर, गाडी थंड असताना, टॉर्क एकदा तपासा. त्यानंतर महिन्यातून एकदा पाणी भरताना बाराही जोडांवर नजर टाका.