कुत्रा घरी एकटा राहत नाही? या चुका टाळा

साताऱ्यात गोडोलीतल्या आमच्या घराच्या दाराला आतून, खालच्या फुटभर भागात अजून ओरखडे आहेत. राणीचे. आम्ही कुलूप लावून निघालो की ती दार खरवडायची, लाळेने फरशी ओली व्हायची. संध्याकाळी शेजारच्या काकू सांगायच्या, “दुपारभर रडत होती गं.”

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरी येऊन तिला रागावणं. ती कान पाडून, शेपूट आत घेऊन बसायची आणि मला वाटायचं, हिला कळलंय. तसं नसतं. ती आपल्या चढलेल्या आवाजाला घाबरलेली असते. चार तासांपूर्वी खरवडलेल्या दाराशी त्या रागाचा मेळ तिला लागत नाही. मग एकटं राहण्याची भीती होतीच, त्यात आपण परत येण्याचीही भीती बसते. कुत्रं सूड उगवत नाही हो, त्याचा जीव घाबरा झालेला असतो.

न बघता अंदाज बांधू नका. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून बाहेर पडा. घाबरलेलं कुत्रं बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच येरझाऱ्या घालतं, रडतं, दाराशी झटतं. नुसतं घरात मुततंय, तर आधी डॉक्टरांना दाखवा, लघवीचा संसर्गही असू शकतो.

सवय लावताना घाई नडते. पहिल्याच दिवशी अर्धा तास सोडू नका. किल्ली उचला, चपला घाला आणि परत खुर्चीत बसा. दिवसातून दहा वेळा. किल्लीच्या आवाजाला ते उठेनासं झालं की पाच सेकंद दाराबाहेर थांबा. रडायच्या आत परत या आणि मग वेळ हळूहळू वाढवा. या काळात कामाला जाताना मात्र कुणाकडे तरी सोडा. आम्ही काकूंकडे सोडायचो. पिंजऱ्यात कोंडू नका, घाबरलेलं कुत्रं सळ्या चावून दात मोडून घेतं. सोबतीला दुसरं कुत्रं आणूनही सहसा भागत नाही, कारण त्याला माणूस हवा असतो. रबरी खेळण्यात दहीभात भरून गोठवून द्या. तोंड लावलं नाही, तर एकटं ठेवण्याची वेळ जास्त झाली असं समजा.

भीती फार असेल तर फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन ही औषधं डॉक्टर देतात. गुण यायला काही आठवडे लागतात आणि सवय लावणं सोबत चालूच ठेवावं लागतं. माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गावात समाधान झालं नाही तर तिथे विचारा.

राणी तीन मिनिटांवर आठ दिवस अडकली होती. आम्ही परत एका मिनिटावर आलो आणि तिथून पुढे सरकलो.